बाळंतपणातील वैद्यकीय आघात: कारणे, लक्षणे आणि समुपदेशनातून सावरण्याची वाट

उपचार घेत असताना आलेल्या अनुभवामुळे मनावर खोल आणि टिकून राहणारा परिणाम होतो, तेव्हा त्याला वैद्यकीय आघात म्हणतात. हा अनुभव एखाद्या शस्त्रक्रियेचा, अतिदक्षता विभागातील दिवसांचा, अचानक झालेल्या निदानाचा किंवा बाळंतपणाचा असू शकतो. यांपैकी बाळंतपण हा भारतातील कोट्यवधी स्त्रियांचा रुग्णालयाशी येणारा पहिला मोठा संबंध असतो. म्हणून वैद्यकीय आघात म्हणजे काय, त्यात पूर्वग्रहाचा वाटा किती असतो आणि त्यातून सावरताना समुपदेशक कशी मदत करतात, हे समजून घेण्यासाठी प्रसूतिगृहाचे उदाहरण उपयोगी पडते.

इतर आघात आणि वैद्यकीय आघात यांत एक महत्त्वाचा फरक आहे. अपघात झालेला रस्ता टाळता येतो, त्रास देणाऱ्या माणसापासून दूर जाता येते. रुग्णालय मात्र कायमचे टाळता येत नाही. बाळाच्या लसी असतात, पुढचे बाळंतपण असते, पुढे कधीतरी रक्तदाब किंवा गर्भाशयाची तपासणी असते. ज्या ठिकाणी इजा झाली, मदतही तेथेच मागावी लागते. या आघातावरचे समुपदेशन वेगळे असते, ते यामुळेच.

प्रसूतिगृहात काय घडते?

जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर रुग्णालयात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण झपाट्याने वाढले. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील जवळपास ८९ टक्के आणि महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांमध्ये होतात. यामुळे अनेक माता आणि बाळे वाचली. मात्र रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या स्त्रीला तेथे कशी वागणूक मिळते, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये एक निवेदन काढून आरोग्यसंस्थांमधील बाळंतपणात होणारा अनादर आणि छळ थांबवण्याची गरज मांडली. २०१५ मध्ये संशोधकांनी जगभरातील अभ्यास एकत्र करून अशा वागणुकीचे सात प्रकार सांगितले: मारहाण किंवा शारीरिक बळजबरी, लैंगिक छळ, शिवीगाळ व अपमान, भेदभाव, उपचारांचे निकष न पाळणे, रुग्ण आणि कर्मचारी यांच्यात संवाद नसणे, आणि व्यवस्थेच्या त्रुटी. खाटा नसणे, आडपडदा नसणे, पुरेसे कर्मचारी नसणे ही शेवटच्या प्रकाराची उदाहरणे.

२०१९ मध्ये घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांतील एक मोठा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात संशोधकांनी दोन हजारांहून अधिक बाळंतपणे प्रत्यक्ष पाहिली. त्यांपैकी सुमारे ४२ टक्के स्त्रियांना मारहाण, अपमान किंवा भेदभाव यांपैकी काहीतरी सहन करावे लागले. ज्यांना योनिमार्गाजवळ छेद देण्यात आला, त्यांतील दर चारपैकी तिघींची संमती घेतलेली नव्हती.

यातील अनेक गोष्टी आपल्याकडच्या स्त्रियांनाही ओळखीच्या वाटतील. कळा सुरू असताना ओरडले म्हणून दरडावणे, मांडीवर चापट मारणे, ‘मूल हवे होते तेव्हा लाज वाटली नाही का’ अशा अर्थाचे टोमणे, काहीही न सांगता वारंवार आतून तपासणी करणे, पडदा न लावता अनेक विद्यार्थ्यांसमोर तपासणी करणे, बाळ लवकर बाहेर यावे म्हणून पोटावर जोर देणे, नीट बधिर न करता टाके घालणे, न विचारता तांबी बसवणे, हे सारे या सात प्रकारांत मोडते. पोटावर असा जोर देऊ नये आणि सरसकट छेद देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

येथे कर्मचाऱ्यांची बाजूही लक्षात घ्यावी लागते. एका सिस्टरवर अनेक बाळंतिणींचा भार असतो, निवासी डॉक्टरांची पाळी कधीकधी चोवीस तासांच्याही पुढे जाते. अनेकांना स्वतःला शिकताना हीच पद्धत पाहायला मिळालेली असते. ओरडल्याशिवाय बाई जोर लावत नाही, असा त्यांचा प्रामाणिक समज असू शकतो. परंतु हेतू वाईट नव्हता म्हणून समोरच्या व्यक्तीला झालेली इजा कमी होत नाही.

पूर्वग्रह कोठून शिरतो?

वाईट वागणूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. वर उल्लेख केलेल्या चार देशांच्या अभ्यासात कमी वयाच्या आणि न शिकलेल्या स्त्रियांना ती जास्त सोसावी लागल्याचे दिसले. भारतात यात जात, धर्म, भाषा, आदिवासी असणे, गरिबी, अपंगत्व, एचआयव्हीची लागण, लग्न न झालेले असणे, तिसरी-चौथी खेप असणे अशा अनेक गोष्टींची भर पडते.

पूर्वग्रह नेहमी उघड शिवीच्या रूपात येत नाही. तो बहुधा वेळ, स्पर्श आणि विश्वास या तीन गोष्टींतून दिसतो. एका रुग्णाला समजावून सांगायला पाच मिनिटे मिळतात, दुसऱ्याला पाच सेकंदही मिळत नाहीत. गुजरात आणि राजस्थानातील दलित मुलांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेचा अभ्यास झाला आहे. त्यात तपासताना किंवा औषध देताना स्पर्श टाळणे, कमी वेळ देणे असे प्रकार नोंदवलेले आहेत. तिसरी गोष्ट विश्वासाची. ‘या बायकांना सवय असते’, ‘ही उगीच नाटक करते’ असे एकदा मनात ठरले की दुखते म्हणून सांगणाऱ्या स्त्रीचे म्हणणे खरे मानले जात नाही.

हे केवळ भारतात होत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते यासारखे खोटे समज काही वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरही बाळगून असल्याचे आढळले. असे समज असलेले कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदना कमी लेखत होते. पैसा आणि प्रसिद्धी असूनही यातून सुटका होत नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिला २०१७ मध्ये मुलीच्या जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी धाप लागू लागली. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास तिला आधीपासून होता, म्हणून तिने स्वतः सीटी स्कॅन करण्याची मागणी केली. औषधांमुळे ती गोंधळली असावी, असे परिचारिकेला आधी वाटले. पुढे स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या सापडल्या.

महाराष्ट्रात पूर्वग्रह आणि असहायता यांची सांगड किती दूर जाऊ शकते, हे बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या उदाहरणातून समोर आले. मोठ्या संख्येने गर्भाशये काढली जात असल्याच्या बातम्यांनंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. अंगावरून पांढरे जाण्यासारख्या तक्रारी घेऊन गेलेल्या काही स्त्रियांना कॅन्सरची भीती घालण्यात आली होती. दुसरीकडे एक खाडा झाला तरी मुकादमाकडून पैसे कापले जाण्याची धास्ती होती. अशा परिस्थितीत कागदावर अंगठा उमटला तरी त्याला मोकळेपणाने दिलेली संमती म्हणता येत नाही.

लक्षणे आणि त्यांवर पडणारे पांघरूण

बाळंतपणानंतर दिसणारा आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, ही मान्य झालेली वैद्यकीय स्थिती आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार सर्वसाधारण बाळंतिणींपैकी सुमारे ४ टक्के, तर गुंतागुंत झालेल्या किंवा जोखमीच्या गटातील सुमारे १८ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळतो. त्याची मुख्य लक्षणे अशी:

- प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, दुःस्वप्ने पडणे. फिनाइलचा वास, ट्रॉलीचा आवाज, हातमोज्यांचा स्पर्श यांनी तो क्षण पुन्हा घडत असल्यासारखे वाटणे.
- रुग्णालय, तपासणी, बाळंतपणाच्या गप्पा किंवा शारीरिक संबंध टाळणे.
- सतत सावध राहणे, दचकणे, झोप न लागणे, लहानसहान गोष्टींवरून चिडणे.
- स्वतःला दोष देणे, बधिरपणा येणे, बाळाविषयी जवळीक न वाटणे किंवा उलट बाळाला क्षणभरही नजरेआड होऊ न देणे.

ही लक्षणे महिनाभराहून अधिक टिकली आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर तज्ज्ञांकडे जाण्याची गरज असते. बाळंतपणानंतरचे नैराश्य ही वेगळी स्थिती आहे. दोन्ही एकत्र असू शकतात, पण फक्त नैराश्याचेच उपचार केले तर आघात तसाच राहतो. मूल नको असे नाही, मात्र पुन्हा बाळंतपणाच्या विचारानेही थरकाप होतो, अशी तीव्र भीतीही काही जणींना वाटते. तिला टोकोफोबिया म्हणतात.

आपल्याकडे या लक्षणांवर एका वाक्याचे पांघरूण पडते: ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत!’ हे वाक्य आनंदाचे असते, पण त्यापुढे काही बोलायला जागा उरत नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बारसे या गडबडीत सव्वा महिना निघून जातो. ‘सगळ्यांनाच त्रास होतो, आम्ही नाही का सोसले?’ असे घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या न बोललेल्या आठवणीही त्यामागे असू शकतात. परिणामी स्त्री समुपदेशकाकडे येते ती झोप, चिडचिड किंवा नवऱ्याशी बिनसलेले नाते यांची तक्रार घेऊन. बाळंतपणाचा विषय बऱ्याच उशिरा निघतो.

पहिली पायरी: घडले ते घडले, हे मान्य करणे

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, आठवण आणि शोक, आणि जगाशी पुन्हा नाते जोडणे. आजही अनेक समुपदेशक ही चौकट वापरतात. वैद्यकीय आघातात मात्र या तिन्हींच्या आधी एक काम असते. व्यक्तीचे म्हणणे ऐकून घ्यायचे आणि तिला झालेल्या अन्यायाला अन्याय म्हणायचे.

हे वाटते तितके सोपे नाही. समुपदेशकही आरोग्यव्यवस्थेचाच भाग असतो. डॉक्टरांची बाजू सांगण्याचा मोह त्याला सहज होतो. ‘त्यांना घाई असेल’, ‘कदाचित तुमचा गैरसमज झाला असेल’, ‘शेवटी बाळ तर नीट आहे ना’ ही वाक्ये धीर देण्यासाठी म्हटली जातात. ज्या स्त्रीचे म्हणणे प्रसूतिगृहात खोटे ठरवले गेले, तिला मात्र तोच अनुभव पुन्हा येतो.

विचार बदलण्यावर भर असलेल्या पद्धतींत येथे विशेष काळजी घ्यावी लागते. ‘सगळे डॉक्टर माझा अपमान करतील’ हा विचार अतिरेकी असू शकतो आणि त्यावर काम करता येते. ‘माझ्या जातीमुळे मला वेगळे वागवले गेले’ हा विचार मात्र अनेकदा अचूक निरीक्षण असतो. त्याला विचारातील चूक समजून दुरुस्त करायला गेले तर समुपदेशनाचीच इजा होते. कोणता विचार भीतीतून आलेला आहे आणि कोणता अनुभवातून, हे समुपदेशक व्यक्तीच्या सोबतीने तपासतो. स्वतःच त्याचा निकाल देत नाही.

यासाठी समुपदेशकाने आपली जात, वर्ग, धर्म आणि शिक्षण यांतून आलेले समजही तपासायला हवेत. प्रश्न कसा विचारला जातो, यावर बरेच अवलंबून असते. ‘तुमच्याशी भेदभाव झाला का?’ असे थेट विचारल्यास अनेक जणी नाही म्हणतात. ‘तुमच्याशी आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलण्यात काही फरक जाणवला का?’ असे विचारल्यास हकीकत बाहेर येते.

सुरक्षितता आणि निवड

आघाताच्या क्षणी स्त्रीकडून निवडीचा हक्क काढून घेतलेला असतो. म्हणून समुपदेशनाच्या खोलीत तो लहान लहान गोष्टींतून परत दिला जातो. कोठे बसायचे, दार उघडे ठेवायचे की बंद, आज कशावर बोलायचे, कोठे थांबायचे, हे ती ठरवते. बाळ अंगावर पीत असेल तर सत्र मध्येच थांबवण्याची मुभा असते. तिची माहिती नवऱ्याला, सासूला किंवा डॉक्टरला तिच्या परवानगीशिवाय दिली जाणार नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केले जाते.

याच टप्प्यात आठवणींची लाट आल्यावर वर्तमानात परत येण्याचे साधे उपाय शिकवले जातात. पाय जमिनीवर टेकवून त्यांचा भार जाणवून घेणे, खोलीतील पाच वस्तूंची नावे मनात घेणे, श्वास सोडताना तो लांबवणे, हे त्यांतले काही. श्वासाचा व्यायाम सर्वांनाच मानवतो असे नाही. ‘श्वास घ्या, जोर लावा’ हे शब्द ज्यांच्या आठवणीत धमकीसारखे रुतलेले आहेत, त्यांना त्याऐवजी हातात थंड पाण्याचा पेला धरणे सोपे जाते.

शरीराच्या तक्रारींकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. टाक्यांच्या जागी दुखणे, लघवीवर ताबा न राहणे, संबंधांच्या वेळी वेदना या गोष्टी मनाच्या खात्यात टाकल्या जाऊ नयेत. त्यांसाठी विश्वासू स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे पाठवणे हा समुपदेशनाचाच भाग आहे.

आठवणींवरचे काम

पुरेसा आधार तयार झाल्यावर प्रत्यक्ष आठवणींवर काम सुरू होते. त्यासाठी दोन प्रकारच्या उपचारांचा आधार भक्कम आहे. पहिला आघातकेंद्री वर्तन-विचार उपचार. यात व्यक्ती प्रसंग टप्प्याटप्प्याने सांगते, त्याला चिकटलेले अर्थ तपासते आणि टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू जाते. दुसरा ईएमडीआर. फ्रान्सीन शपिरो यांनी १९८७ मध्ये या पद्धतीची सुरुवात केली. यात आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली केल्या जातात. दोन्ही पद्धतींसाठी प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात.

यात घाई करू नये. बाळंतपणानंतर लगेच एकाच बैठकीत सगळा प्रसंग पुन्हा जगायला लावणारे समुपदेशन देऊ नये, असे ब्रिटनमधील ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने स्पष्ट सांगितले आहे. तसेच आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्याच्या लक्षणांसाठी झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या बेन्झोडायझेपाइन गटातील गोळ्या देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची सूचना आहे. औषधांची गरज असल्यास स्तनपानाचा विचार करून मानसोपचारतज्ज्ञ ती ठरवतात.

या कामात सर्वांत घट्ट गाठ बहुतेक वेळा अपराधभावाची असते. ‘मी ओरडले म्हणून ते चिडले’, ‘मी सही करायला नको होती’, ‘मी नाही म्हणायला हवे होते’ असे स्त्रिया सांगतात. कळा सोसणाऱ्या, अर्धवट शुद्धीतील, बाळाच्या जिवाची भीती वाटणाऱ्या व्यक्तीपुढे त्या क्षणी किती पर्याय होते, हे समुपदेशक तिच्यासोबत शांतपणे पाहतो. भीतीने शरीर गोठणे ही मेंदूची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. त्या क्षणी तोंडातून शब्द न फुटणे म्हणजे होकार नव्हे.

अपराधभाव सैल झाला की त्याखालचा राग वर येतो. या रागाला लगेच क्षमेकडे वळवण्याची गरज नसते. काही जणी पुढे कधीतरी क्षमा करतात, काही करत नाहीत. बरे होण्यासाठी ती अट नाही.

पुन्हा रुग्णालयात जाताना

डॉक्टरांवर पूर्वीसारखा विश्वास बसवणे हे या समुपदेशनाचे उद्दिष्ट नसते. ज्या व्यवस्थेत भेदभाव खरोखर आहे, तेथे सावध राहणे हा शहाणपणाच असतो. गरज पडेल तेव्हा उपचार घेता यावेत आणि ते घेताना स्वतःचे म्हणणे मांडता यावे, हे उद्दिष्ट असते.

त्यासाठी तयारी केली जाते. आधी रुग्णालयाच्या फाटकापर्यंत जाऊन परतणे, मग बाळाच्या लसीसाठी जाणे, मग स्वतःचा रक्तदाब तपासून घेणे, अशा पायऱ्या आखल्या जातात. पुढील तपासणीसाठी काही वाक्ये आधीच पाठ करून ठेवता येतात: ‘तपासण्याआधी मला सांगा.’ ‘मी थांबा म्हटले तर थांबा.’ ‘माझी आधीची बाळंतपणे त्रासाची गेली आहेत, म्हणून मला भीती वाटते.’ हेच एका चिठ्ठीवर लिहून केस पेपरला जोडले तर बोलण्याचा ताण कमी होतो.

सोबत कोण येणार, हेही ठरवले जाते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात आडपडदा, सन्मानाची वागणूक आणि सोबत यांचा समावेश आहे. २०१९ च्या ‘सुमन’ योजनेतही सन्मानपूर्वक सेवेची हमी आहे. हे नियम सर्वत्र पाळले जातात असे नाही. तरीही ते माहीत असले की विनंती करताना आवाजात बळ येते.

कागदपत्रे, कायदा आणि तक्रार

नेमके काय झाले होते हे न कळणे, हाही आघाताचा मोठा भाग असतो. छेद का दिला, सिझर अचानक का ठरले, बाळाला कोठे नेले होते, या प्रश्नांची उत्तरे केस पेपरमध्ये सापडू शकतात. रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत नियम आहे. समजावून सांगणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांसोबत हे कागद वाचल्याने काही जणींच्या मनातील तुटक आठवणी सलग होतात.

संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००८ मधील समीरा कोहली प्रकरणातील निकाल महत्त्वाचा आहे. फक्त तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजकोश तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. रुग्ण सज्ञान असताना आणि जिवाला तातडीचा धोका नसताना दुसऱ्या कोणाची संमती पुरेशी नाही, तसेच तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

भेदभावाबाबत २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आरोग्यसेवेतील भेदभावाला बंदी घातली आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक झाले. तक्रार रुग्णालयाच्या तक्रार निवारण कक्षाकडे, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे किंवा पैसे देऊन घेतलेल्या सेवेबाबत ग्राहक आयोगाकडे करता येते. ग्राहक आयोगासाठी सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची आहे.

तक्रार करायची की नाही, हा निर्णय त्या व्यक्तीचाच असतो. काहींना त्यातून बळ मिळते. काहींना तोच प्रसंग अनोळखी लोकांसमोर वारंवार सांगावा लागणे असह्य होते. समुपदेशकाने कोणत्याही बाजूने ढकलू नये. मुदत, लागणारा वेळ आणि मनावर येणारा भार यांची नीट माहिती द्यावी आणि ती जो निर्णय घेईल त्यात सोबत राहावे.

घरच्यांनी काय करावे?

नवरा, आई, सासू, बहीण यांच्यासाठी पहिली गोष्ट ऐकण्याची. सल्ला किंवा तुलना न करता ‘तुझ्याशी असे वागायला नको होते’ एवढे म्हटले तरी मोठा फरक पडतो. रात्री बाळाला काही वेळ सांभाळून तिला सलग झोप मिळू देणे, तपासणीला सोबत जाणे, पुढच्या मुलाची घाई न करणे आणि शारीरिक संबंधांसाठी आग्रह न धरणे, ही प्रत्यक्ष मदत आहे. बाळंतपणाच्या वेळी दाराबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्यालाही आघात होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

मदत कोठे मिळते?

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये येथील मानसोपचार विभागांत उपचार मिळतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का आणि त्यांनी आघातावरील उपचारांचे प्रशिक्षण घेतले आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील किंवा अनेक दिवस झोपच नसेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

एका स्त्रीचे बरे होणे समुपदेशनाच्या खोलीत सुरू होऊ शकते, पण पुढच्या वेळी तिला कोणते प्रसूतिगृह मिळते यावरही ते अवलंबून असते. पडदा ओढणे, नाव विचारून बोलणे, हात लावण्याआधी सांगणे आणि दुखते म्हटले तर ते खरे मानणे, याला यंत्रसामग्री लागत नाही. यातील प्रत्येक गोष्ट आघात टाळते, आणि आधी झालेला आघात भरून येण्यासही मदत करते.